हात धुताना म्हणायचं स्तोत्र

पिंपरीहून एका परिचारिकेचं पत्र आलं आहे. थोडं आटोपतं करून देते.

"ताई, जय ख्रिस्त. मी मूळची श्रीरामपूर तालुक्यातली, लग्नानंतर पिंपरीत राहते. रुग्णालयात स्टाफ नर्स आहे, महिन्यातून आठ-दहा दिवस नाइट लागते. माहेरी रोज संध्याकाळी कौटुंबिक उपासना व्हायची. दादा एक अध्याय वाचायचे, आई गीत धरायची, आम्ही भावंडं पाठ केलेलं वचन म्हणायचो, मग जेवण. माझ्या घरात यातलं काही राहिलं नाही. दर वर्षी १ जानेवारीला 'वर्षभरात संपूर्ण बायबल'चा तक्ता फ्रिजवर लावते आणि फेब्रुवारीत लेवीयाच्या पुस्तकात अडकते. मुलं इंग्रजी माध्यमात, एक सातवीत, एक चौथीत. मराठी अडखळत वाचतात. मिस्टर स्वभावाने चांगले आहेत, पण घरी आले की टीव्ही. सासूबाईंचं मोठ्या अक्षरांचं बायबल कपाटात रुमालात बांधून ठेवलंय. नजर अधू झाल्यापासून त्यांना वाचवत नाही, दुपारी एकट्याच काहीतरी पुटपुटत बसतात. मोबाइलवर सकाळी आठच्या आत दहा-पंधरा वचनं येतात, मी हात जोडल्याचं चित्र टाकून पुढे जाते. मागच्या महिन्यात प्रार्थनासभेत कोणीतरी विचारलं, या आठवड्यात देव तुमच्याशी काय बोलला? मला एक ओळ आठवेना. घरी येऊन रडले. मी नावाचीच ख्रिस्ती राहिले का? या धावपळीत वचन जवळ ठेवायचं तरी कसं?"

प्रिय भगिनी, जय ख्रिस्त.

आधी फ्रिजवरचा तो तक्ता काढा. आजच काढा, आणि मागे राहिलेल्या अध्यायांची थकबाकी मनातूनही पुसून टाका. आपल्या प्रॉटेस्टंट बायबलात ६६ पुस्तकं आणि १,१८९ अध्याय आहेत. वर्षात संपवायचे तर रोज तीनहून थोडे जास्त पडतात. उत्पत्तीचे ५० आणि निर्गमाचे ४० मिळून नव्वद झाले, म्हणजे रोज तीन वाचले तरी ३० जानेवारीला ते संपतात आणि ३१ तारखेला लेवीय उघडतं. कोणता पशू आणायचा, रक्त कुठे शिंपडायचं, कोणती चरबी जाळायची. त्यात तुमची नाइट, सकाळी आल्यावर मुलांचे डबे. तुम्ही तिथे अडकता यात तुमच्या विश्वासाचा काही दोष नाही. ज्यांना तो तक्ता जमतो त्यांनी जरूर पाळावा. मीही एकदा पुरा केला आहे, पण मुलं हाताशी आल्यावर. आणि तेव्हाही मला जाणवलं होतं की संध्याकाळी खूण करायच्या घाईत डोळे ओळींवरून नुसते धावतात.

आणि तुम्हाला एक ओळ आठवेना, हे मला पूर्ण पटलेलं नाही. चारचौघांत अचानक विचारल्यावर आठवली नाही, एवढंच झालं. माहेरच्या उपासनेचा क्रम तुम्ही किती बारकाईनं लिहिला आहे: दादांचा अध्याय, आईचं गीत, मग वचनं, मग जेवण. हे सगळं तुमच्यात आहे. वर यायला त्याला वाट मिळत नाही.

जाता जाता लेवीयाविषयी दोन शब्द, कारण त्याच्यावर अन्याय होतो. "शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर" हे प्रभू येशूच्या तोंडचं वचन आपण सगळे जाणतो, पण ते मूळचं लेवीयातलं आहे, १९ व्या अध्यायातलं. त्याच अध्यायात त्याच्या थोडं आधी सांगितलं आहे की शेत कापताना बांधापर्यंत कापू नको, पडलेला सरवा वेचून घेऊ नको, ते गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू दे. तुम्ही श्रीरामपूरकडच्या, सरवा म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. माझी आजी नेवाशाकडची. ज्वारीची खुडणी झाली की रानात राहिलेली कणसं वेचायला ती ओटा बांधून जायची. आजीला अक्षरओळख नव्हती. पण रूथच्या पुस्तकात शेतमालक बवाज आपल्या गड्यांना सांगतो ना, की त्या परक्या पोरीसाठी पेंढ्यांतून मुद्दाम थोडं खाली टाका आणि तिला रागावू नका, तिथे आजी दर वेळी थांबायची. म्हणायची, "मुद्दाम टाका म्हणतो बघ. देतो म्हटलं तर पोरीला लाज वाटंल." मी पुढे रूथवर बरीच प्रवचनं ऐकली. आजीएवढं कोणी सांगितलं नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला याच आजीपाशी सापडतं. ती पुस्तक वाचत नव्हती, तरी वचन तिच्याजवळ होतं. बायबल शिकवत फिरणाऱ्या बायबलबाईंनी तिला तोंडी शिकवलं, तिनं ते जात्यावर घोळवलं. २३ वं स्तोत्र ती ओवीच्या लयीत म्हणायची. पाळूचा एक फेरा, एक ओळ. छापलेले शब्द तिनं आपल्या बोलीत वळवून घेतले होते: "परमेश्वर माझा मेंढपाळ हाये, मला काई उणं पडायचं न्हाई." ती मूठ घालायची, दळण पडायचं, आणि स्तोत्र पुढे सरकायचं.

आपण वचन जवळ ठेवणं म्हणजे पुस्तक उघडून एकट्यानं मुकाट वाचणं असं धरून चालतो. मग वेळ मिळाला नाही की सगळंच हुकलं असं वाटतं. पण बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मोशेनं इस्राएल लोकांना काय सांगितलं ते बघा. या गोष्टी मुलांच्या मनावर ठसव, आणि त्यांविषयी बोलत जा: घरी बसलेला असताना, वाटेनं चालताना, निजताना, उठताना. चार वेळा सांगितल्या, चारही वेळी तोंडानं बोलायचं आहे. त्या लोकांच्या घरात ग्रंथ नव्हतेच. त्याच अध्यायातली मुख्य आज्ञा सुरू होते ती "हे इस्राएला, श्रवण कर" अशी. ऐक, असं म्हटलं आहे.

याचं फार जवळचं उदाहरण आपल्या कोकणात आहे. अलिबागच्या पट्ट्यात शतकानुशतकं मराठी बोलत राहिलेले ज्यू, म्हणजे बेने इस्राएल. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांच्या परंपरेत सांगतात की जहाज फुटून किनाऱ्याला लागलेल्या पूर्वजांजवळ ग्रंथ उरले नव्हते, हिब्रू प्रार्थनाही हळूहळू विसरल्या गेल्या. राहिली ती 'शमा', म्हणजे हीच "हे इस्राएला, श्रवण कर" ही ओळ. सुंता असो की लग्न, प्रत्येक प्रसंगी तीच म्हणायची. पुढे बाहेरून आलेल्या ज्यू माणसानं त्यांना ओळखलं, त्यात ही शमा होती, शनिवारचा विसावा होता आणि पंख-खवले नसलेला मासा न खाण्याचा नियम होता. घाण्याभोवती बैल फिरत राहिला आणि एवढी पिढ्यांची वाट एका ओळीनं पार केली. तुम्ही आठवड्याला एकवीस अध्यायांचा हिशेब घालून बसला आहात म्हणून मला हे सांगावंसं वाटलं.

आता कामाचं. तुमच्या दिवसात असं काय आहे जे तुम्ही कितीही गडबड असली तरी करताच? तुम्ही हात धुता. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्याप्रमाणे साबण-पाण्यानं नीट हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात. तो तक्ता तुमच्या वॉर्डात बेसिनवर चिकटवलेला असेलच. तळहात, हातांची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे, बोटांची टोकं. एका ड्युटीत हे कितीदा होतं तुम्हीच मोजा. एक स्तोत्र निवडा आणि त्याची एकच ओळ त्या पाण्याखाली म्हणा. तळहाताला पहिला शब्द, अंगठ्यापर्यंत ओळ पुरी. आठवडाभर तीच ओळ. पुढच्या आठवड्यात तिला दुसरी जोडा. महिन्याभरात चार-पाच ओळी होतील, आणि त्या अशा मुरतील की नळ सोडला की आपोआप ओठांवर येतील.

पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनातल्या बायका मला इथे आठवतात. रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, आणि भाषा मुद्दाम सोपी ठेवली, साध्या बाईला कळावी म्हणून. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, आणि ते बायबल १९२४ साली छापून बाहेर पडलं. छापखाना मुक्तीचाच, आणि खिळे जुळवणाऱ्याही तिथल्याच बाया. खिळ्यावर अक्षर उलटं असतं. एकेक उचलून, चिमटीत धरून, ओळीत बसवायचं. दुष्काळातून, वैधव्यातून तिथे आलेल्या त्या बायांनी वचन असं बोटांनी अक्षर-अक्षर वाचलं. त्यांनाही वेगळा निवांत वेळ मिळाला होता असं मला वाटत नाही. काम आणि वचन एकाच हातात होतं.

एक पथ्य मात्र पाळा. औषधाचा डोस काढताना, इंजेक्शन भरताना, हँडओव्हर घेताना काही म्हणू नका. तिथे रुग्णाचं नाव, औषध, मात्रा, यावरच सगळं चित्त ठेवायचं. देवाला तेच हवं आहे. आणि रुग्णाला आपण होऊन वचनं ऐकवू नका. तो पलंगावर आडवा, तुम्ही उभ्या, त्याला नको म्हणणं जड जातं. त्यानं स्वतः म्हटलं की सिस्टर, माझ्यासाठी प्रार्थना करा, तर अवश्य करा.

कोणतं स्तोत्र घ्यायचं? २३ वं तुम्हाला येत असणार, त्यापासूनच सुरू करा. येतंय म्हणून सोडू नका. मला ते लहानपणापासून येत होतं, आणि त्यातली एक गोष्ट मला पन्नाशी ओलांडल्यावर दिसली. यजमान अतिदक्षता विभागात होते, मी बाहेर बाकावर. चष्मा घरी राहिलेला, हातातलं काही वाचता येत नव्हतं. मनातल्या मनात आजीच्या लयीत स्तोत्र म्हणत होते. पहिल्या तीन ओव्यांत सगळं "तो, तो" चाललेलं आहे. तो मला हिरव्या कुरणात बसवतो, तो मला संथ पाण्यावर नेतो, तो माझा जीव ताजातवाना करतो. आणि मृत्युच्छायेची दरी आली की एकाएकी "कारण तू माझ्याबरोबर आहेस". तो चा तू झाला. कुरणात असताना स्तोत्रकर्ता दावीद देवाविषयी बोलतो, दरीत उतरल्यावर देवाशीच बोलतो. इतकी वर्षं ते शब्द तोंडात होते आणि मला ते त्या बाकावर कळलं. म्हणून सांगते, थोडं घ्या आणि फार दिवस ठेवा.

नाइटसाठी १२१ वं घ्या. आठच ओव्या आहेत, आणि त्यात सांगितलं आहे की इस्राएलाचा रक्षक डुलकी घेत नाही, झोपत नाही. पहाटे तीनला, सगळा वॉर्ड निजलेला, तुम्ही टेबलापाशी नोंदी लिहीत जाग्या, तेव्हा हे किती वेगळं लागतं ते तुम्हालाच कळेल. १२० ते १३४ ही पंधरा स्तोत्रं एका मालिकेतली आहेत, यात्रेकरू यरुशलेमेकडे चढत जाताना म्हणत. आपल्याकडे वारीत चालता चालता अभंग म्हणतात, तशीच ही वाटेवरची गाणी आहेत. चालायला, जिना चढायला, पिंपरीच्या स्टेशनावर लोकलची वाट बघायला ती पुरेशी छोटी आहेत. त्यातलं शेवटचं, १३४ वं, तर तुमच्यासाठीच लिहिल्यासारखं आहे. तीन ओव्यांचं ते स्तोत्र रात्री परमेश्वराच्या घरात उभं राहून सेवा करणाऱ्यांना उद्देशून आहे. रात्रपाळीवाल्यांचं स्तोत्र आहे ते. आणि ज्या रात्री वॉर्डात कोणी दगावेल, त्या रात्री ओढूनताणून आनंदाचं काही म्हणू नका. ८८ वं उघडा. ते अंधाराच्या शब्दावरच संपतं, शेवटी उजेड येत नाही. असंही स्तोत्र देवाच्या पुस्तकात ठेवलेलं आहे, याचा मला आयुष्यात फार मोठा आधार झाला.

मोबाइलवरच्या वचनांचं म्हणाल तर पाठवणाऱ्यांवर चिडू नका, माणसं प्रेमानं पाठवतात. पण दहा-पंधरांना हात जोडण्यापेक्षा आठवड्यातून एकच धरा आणि ते ज्या अध्यायातलं आहे तो अध्याय पुरा वाचा. यिर्मया २९:११ तुमच्याकडे नक्की येत असेल: "तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते मी जाणतो." वाढदिवस, नवी नोकरी, दहावीचा निकाल, सगळीकडे तेच पाठवतात. तो अध्याय म्हणजे यरुशलेमेहून बाबेलला गेलेलं पत्र आहे, बंदिवासात नेलेल्या लोकांना. त्यात यिर्मया सांगतो, तिथेच घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा, आणि ज्या नगरात तुम्हाला पाठवलं आहे त्याच्या हितासाठी प्रार्थना करा. परत कधी येणार? सत्तर वर्षांनी. म्हणजे ऐकणाऱ्यांतले बहुतेक तोवर जिवंत राहणार नव्हते. एवढं वाचल्यावर ते वचन शुभेच्छापत्रापुरतं उरत नाही. आणि गाव सोडून पिंपरीला आलेल्या तुमच्यासारखीला त्यातलं "त्या नगरासाठी प्रार्थना करा" हे जास्त जवळचं वाटेल, असा माझा अंदाज आहे.

रविवारसाठी माझ्या वसईच्या एका कॅथलिक मैत्रिणीची सवय सांगते. उद्याच्या मिस्साला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, कोणतं शुभवर्तमान आहे ते तिला आधीच ठाऊक असतं, शनिवारी रात्री भांडी आवरली की ती ते एकदा मोठ्यानं वाचून ठेवते. तुमच्या पाळकांना शुक्रवारीच विचारा, उद्या-परवा कोणता भाग घेणार आहात. त्यांनाही बरं वाटेल. वाचून गेलं की प्रवचन ऐकताना मन घरच्या गॅसवर जात नाही.

उशाशी बायबल ठेवण्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण पुष्कळजणी विचारतात म्हणून लिहिते. ठेवायला हरकत नाही. पण ते ताईत नव्हे. रात्री घाबरणाऱ्या मुलाच्या उशीखाली पुस्तक सरकवण्याऐवजी त्याच्याजवळ बसून दोन ओळी म्हटल्या तर त्याला आईचा आवाज मिळतो आणि वचनही.

मुलांच्या बाबतीत एक गोष्ट कळकळीनं सांगते: वचनाचा फोक करू नका. आपल्या घराघरांत हे होतं. मुलगा उलट बोलला की लगेच "आईबापाचा मान राख". इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात ती आज्ञा आहे खरी, पण लगेच पुढे बापांनाही सांगितलं आहे, "आपल्या मुलांना चिरडीस आणू नका." ती ओळ आपण मुलांसमोर कधी म्हणतो का? ज्या शब्दांनी लहानपणी मार बसला, ते शब्द मोठेपणी माणूस जवळ येऊ देत नाही. अशी माणसं मला पत्रं लिहितात, आणि ती वाचून फार वाईट वाटतं. मुलांनी तुम्हाला वचनाखाली वाकलेलं पाहावं. याकोबाच्या पत्रात म्हटलं आहे ना, "प्रत्येक माणूस ऐकायला तत्पर, बोलायला धीमा, रागास मंद असावा." ड्युटीवर नातेवाईक अंगावर ओरडून गेला, तरी तुम्ही शांतपणे त्याच्या पेशंटची सलाईन तपासलीत, हे एखाद्या रात्री जेवताना मुलांना सांगा. रागावून काही बोलून गेलात, तर तेही सांगा, आणि नंतर माफी मागितलीत का तेही.

मिस्टरांशी टीव्हीवरून भांडू नका. टीव्ही चालू असेल तर तुम्ही दुसऱ्या खोलीत बसा. कुठल्या खोलीत, तेच आता सांगते.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं: "दुपारी एकट्याच काहीतरी पुटपुटत बसतात." भगिनी, त्या काय पुटपुटतात हे तुम्ही कधी ऐकलं आहे का? तुम्हाला वाटतं तुमच्या घरातलं बायबल कपाटात रुमालात बांधलेलं आहे. मला वाटतं ते दुपारी पलंगाच्या कडेला बसून बोलत असतं. त्यांच्या पिढीला रविवारच्या शब्बाथ शाळेत दर आठवड्याला सोनेरी वचन पाठ करावं लागे, पुष्कळांना अख्खी स्तोत्रं येतात. नजर अधू झाली आणि पुस्तक हातचं गेलं, म्हणून त्या साठवणीतलं काढून म्हणत आहेत, स्वतःपुरतं, कारण घरात ऐकणारं कोणी नाही.

रुमाल सोडा. मोठ्या अक्षरांचं आहे ना ते? अडखळत मराठी वाचणाऱ्या मुलांना नेमकी तीच अक्षरं हवीत. तुम्ही घरी असाल त्या संध्याकाळी, रोज नसेल तर आठवड्यातून तीनदा, दहा मिनिटं सासूबाईंच्या खोलीत बसा. वाचायचं सातवीतल्यानं. मार्काच्या शुभवर्तमानापासून सुरू करा. १६ अध्याय आहेत, गोष्टी भराभर पुढे जातात, एका बैठकीला एकच गोष्ट पुरे. तो अडखळेल. आजी पुढचा शब्द सांगेल. तिला दिसत नाही आणि तरी पुढचा शब्द माहीत आहे, याचं त्या मुलाला जे नवल वाटेल ते कुठल्याही तक्त्यानं साधणार नाही. धाकट्याला तीच गोष्ट इंग्रजीतून वाचू द्या, मग दोघांना विचारा, शब्द कुठे वेगळा पडला? आजीचे शब्द छापलेल्याहून थोडे निराळे येतील, कारण त्यांनी पाठ केलेली आवृत्ती जुनी असणार. दुरुस्त करायला जाऊ नका. तेही वहीत लिहून घ्या. धाकट्याचं अक्षर त्या निमित्तानं सुधारेल.

प्रश्न विचारले तर विचारू द्या. भुतं डुकरांत का गेली, अंजिराच्या झाडाला शाप का दिला, असं काहीही विचारतील. उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणा. रविवारी पाळकांना विचारू, असं म्हणून खरंच विचारा. आणि दहा मिनिटं झाली की मुलांना उठवा, गोडी असतानाच. आईसारखं एखादं गीत तुम्ही धरलंत तर उत्तमच. बाहेरच्या खोलीत टीव्ही चालू असेल, आवाज आत येईल आणि तुमचाही बाहेर जाईल. त्याबद्दल काही बोलू नका.

मुलांना बसवण्याआधी मात्र एक दुपार तुम्ही एकट्या त्यांच्याजवळ बसा. नाइट उतरल्यावर झोप झाली की बसा, हातात निवडायला भाजी घ्या म्हणजे त्यांना अवघडल्यासारखं होणार नाही. त्यांचं पुटपुटणं चालू होऊ द्या आणि मध्येच विचारा, "आई, हे तुम्हाला कोणी शिकवलं?" मग मेथी संपली तरी उठू नका. त्यांनी काय सांगितलं ते मला कळवा, मी वाट बघते. आणि त्यांना माझा जय ख्रिस्त सांगा.